एकाच माणसापुरती जागा

१

अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या स्टोकर्स क्लबाच्या खेळाडूंना बर्फाच्या टाकीत उतरायचं म्हटलं की आई आठवायची. दीडदीडशे किलोची माणसं, मैदानावर एकमेकांच्या बरगड्या मोडणारी, पण त्या स्टीलच्या टाकीत कमरेपर्यंत बसली की शाळकरी पोरांसारखी कळवळायची. मार्चमधल्या त्या बुधवारी सकाळी टाकीतून काढलेला माणूस मात्र कळवळण्याच्या पलीकडे गेला होता.

लाइल हेंडरशॉट फरशीवर उताणा पडला होता. डोक्याची मागची बाजू नारळासारखी फुटली होती, ओठ निळे पडले होते आणि टाकीत तरंगणारा बर्फ गुलाबी झाला होता. शेजारी व्यायामशाळेतली एक लोखंडी चकती पडली होती, तिच्या कडेला केस चिकटलेले. आणि लाइलच्या छातीशी गुडघे टेकून, कोपरापर्यंत रक्तानं माखलेला रूफस टगल बसला होता.

क्लबाची सुरक्षाप्रमुख वांडा प्रुसाक दारातच थांबली. बाई साठीची. उभी हयात एरी शहराच्या पोलिसांत खुनांचा तपास करण्यात गेलेली. निवृत्तीनंतर डोक्याला ताप नको म्हणून तिनं ही नोकरी धरली होती. त्या सकाळी गाडीतून उतरताना बर्फावर पाय घसरून तिचं डावं मनगट मुरगळलं होतं आणि ते ठणकत होतं.

"मी नाही मारलं त्याला, वांडाबाई," टगल म्हणाला. "तोंड पाण्यात होतं, हात पाठीमागे बांधलेले. मी बाहेर काढला, हात सोडले, छाती दाबत राहिलो. त्याच्या बरगड्या मोडल्या माझ्या हाताखाली. पण तो परत आला नाही."

त्या इमारतीत दुसरं कुणी त्याच्यावर विश्वास ठेवला नसता, कारण आदल्याच दिवशी त्यानं लाइलचा टाय धरून त्याला भिंतीला टेकवलं होतं. "माझं नाव उडवलंस तर त्या बर्फाच्या टाकीत बुडवीन तुला," असं तो गरजला होता आणि ते तळमजल्यापासून वरपर्यंत सगळ्यांनी ऐकलं होतं.

भांडण साधं होतं. मालक कितीही गबर असला तरी लीगनं घालून दिलेल्या पगाराच्या मर्यादेच्या वर एक डॉलरही जाता येत नाही. त्यामुळे दर मार्चमध्ये कुणाला ठेवायचं आणि कुणाला सोडायचं, हा प्रश्न पडतोच. तो हिशेब लाइलकडे असायचा. या वर्षी दोन मोठ्या खेळाडूंचे करार संपत होते आणि मर्यादेत जागा उरली होती एकाच माणसापुरती. एकीकडे टगल, चौतिशीतला सेंटर, रांगेच्या मध्यावर उभं राहून जन्मभर याच क्लबासाठी टक्कर घेतलेला. दुसरीकडे टेट मॅलॉय, पंचविशीतला लाइनबॅकर, समोरच्याला धडकेनं आडवं करणारा, ज्याच्या नावाचे शर्ट निम्म्या शहराच्या अंगावर होते. आज दुपारी चार वाजता जुने करार आपोआप संपणार होते.

डिटेक्टिव्ह कॉर्ड्रे आला तो बेड्या काढतच. एकेकाळी तो वांडाच्या हाताखाली शिकला होता आणि अजून तिला 'बाई'च म्हणायचा. टगलच्या मनगटांना बेड्या पुरेनात, तेव्हा दोन जोड जोडावे लागले.

"तू पहाटे इथं कशाला आलास?" वांडानं विचारलं.

"फोन आला. क्लबाच्याच नंबरावरून. तोंडावर फडकं धरल्यासारखा आवाज होता. म्हणाला, कोचनं बोलावलंय, वही घेऊन ये."

मैदानावरच्या डावपेचांची वही घेऊन कोचकडे ये, या निरोपाचा अर्थ इथं जुन्या काळापासून एकच होता: तुला काढलं. भलेभले तो ऐकून दारातच बसले होते.

"निघताना कोट घालून जाऊ दे त्याला. बाहेर गोठवणारी थंडी आहे," ती म्हणाली. बेड्या क्षणभर काढल्यावर टगलनं कोट चढवला, पण चेन काही त्याच्या हाताला लागेना. त्याची बोटं इतक्यांदा मोडली होती की दहाही दहा दिशांना गेली होती. शेवटी वांडानंच चेन ओढून दिली.

ती ओढताना तिची नजर कॉर्ड्रेच्या हातातल्या पारदर्शक पिशवीवर गेली. लाइलचे हात बांधलेली पांढरी टेप तीत होती, घोटे बांधायला वापरतात ती कापडी. ओली, रक्ताळलेली, पण एकसंध. कुठंही फाटलेली नाही, कापलेली नाही, सुरुवातीपासून शेवटापर्यंत सुटलेली एक लांब पट्टी.

"बाहेर टीव्हीवाले जमलेत," वांडा कॉर्ड्रेला म्हणाली. "आत्ता याला पुढच्या दारानं नेलास की उद्या हा निर्दोष सुटला तरी कुठला क्लब याला दारात उभा करणार नाही. चारपर्यंत थांब."

"बाई, त्याचे हात बघा की."

"बघितले. म्हणून तर म्हणतेय."

२

जनरल मॅनेजर ग्रँट ऑस्टरहाउटची खोली वरच्या मजल्यावर होती. भिंतीभर लोखंडी फळा आणि त्यावर खेळाडूंच्या नावांची चुंबकं. खाली माणूस मरून पडला होता आणि हा गृहस्थ कॉफीचा घोट घेत चुंबकं सरकवत होता. वकिलीतून आलेला, हातात कधी चेंडू न धरलेला माणूस. टगलचं चुंबक त्यानं बोटाच्या टोकानं फळ्याच्या कडेला ढकललं होतं.

"एवढं जरा बांधून द्या," म्हणत वांडानं टेपचं रीळ आणि दुखरं मनगट त्याच्यापुढे केलं.

ऑस्टरहाउटनं टेप बोटांना गुंडाळून घेतली, ती सोडवताना स्वतःलाच चिकटवली आणि शेवटी कात्रीनं कापून हातावर एक बोळा तयार केला. "हे माझं काम नाही," तो म्हणाला.

"दिसतंय. लाइल शेवटचा कधी भेटला?"

"काल संध्याकाळी. आम्ही मॅलॉयचं नक्की करत आणलं होतं. तर हा म्हणाला, थांब, मॅलॉयबद्दल मला एक शंका आहे. काय ते सांगेना. सकाळी खात्री करून सांगतो म्हणाला. वैताग आणला होता त्यानं."

"म्हणजे तो मेला आणि तुमचा वैताग गेला."

"वांडा, मी माणसं काढतो. त्यासाठी मला चकतीची गरज पडत नाही."

"मग टगलला वही घेऊन या असा निरोप तुम्ही दिलात का?"

तो खराखुरा हसला. "टगलला? कशासाठी? त्याचा करार आज चारला आपोआप मरतोय. बोलावून काढतात ते करार शिल्लक असलेल्याला. आणि वही कसली? सगळं टॅब्लेटवर असतं आता. टगलनं त्याचा जानेवारीतच परत केलाय. हा फोन ज्यानं केला त्याला आमच्या धंद्यातलं काडीचं कळत नाही."

वांडा जिना उतरताना त्याच वाक्याशी अडली. फोन तर क्लबाच्या आतून झाला होता. आत राहूनही ज्याला हे ठाऊक नाही, असा माणूस कोण?

३

टेट मॅलॉय मैदानाच्या छताखालच्या दालनात गादीच्या पुतळ्याला धडका देत होता. धडक बसली की भिंतीवरची घड्याळं हलायची. डिसेंबरात त्यानं पाहुण्या संघाच्या चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला उचलून असा आपटला होता की खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेत ऐकू आला. लोक खुर्च्यांवर उभे राहून नाचले. मॅलॉय मात्र बराच वेळ गुडघ्यावरच होता, उजवा हात झटकत. वांडाला ते आज आठवलं.

"टगल म्हातारा झालाय," मॅलॉय म्हणाला. "तोंडानं बोलायचा ते करून बसला. मला वाईट वाटतं, पण माझा आज दिवस आहे."

"वाईट वाटतंय ते दिसतंच आहे. हे बांध बघू, साहेबांनी बोळा केलाय."

मॅलॉयनं रीळ उजव्या हातात घेतलं. ते सुटून घरंगळत गेलं. "घाम," तो म्हणाला. मग रीळ डाव्या हातात धरून त्यानं टेप ओढली आणि दातांनी तोडली. काम ओबडधोबड होतं, टोक तसंच लोंबत राहिलं.

"लाइलशी काही बोलणं झालं होतं?"

"काल संध्याकाळी डॉकच्या खोलीत आला होता. एकदम त्याच्या गाडीच्या किल्ल्या माझ्याकडे फेकल्या, म्हणाला झेल. असं कुणी करतं का? माझ्या हाताला साबण होता, पडल्या. तर माझ्याकडे असं बघत राहिला, जणू मी त्याचं काही चोरलंय."

"आणखी कोण होतं तिथं?"

"डॉक. दुसरं कोण असणार?" मॅलॉयनं पुतळ्याकडे तोंड फिरवलं. "चार वाजू देत, वांडाबाई. सही झाली की माझी आई हॉटेलातल्या चादरी बदलणं बंद करेल. मग मला काय हवं ते विचारा."

त्यानं पुन्हा धडक दिली. उजवा खांदा त्यानं वापरलाच नाही.

४

डॉक म्हणजे हर्ब क्वालिक. डॉक्टर नव्हता, ट्रेनर होता. घोटे बांधायचे, सांधे शेकायचे, रडणाऱ्याला शिवी घालून उभं करायचं, ही त्याची कामं. खेळाडू बापाला सांगणार नाहीत ते त्याला सांगायचे. त्याची खोली पोलिसांनी बंद केल्यामुळे तो धुण्याच्या खोलीत टॉवेलांच्या ढिगावर बसला होता. डोळे लाल झाले होते.

"टगलला नेलं का?" त्यानं विचारलं.

"अजून नाही."

"आण तो हात. कुणी केलं हे, गाढवानं?"

त्यानं मॅलॉयची टेप काढून टाकली, मनगट दोन बोटांनी चाचपलं आणि नवी टेप अशी गुंडाळली की ठणका तिथंच निम्मा झाला. टेप त्यानं चिमटीतच तोडली, कात्री नाही, दात नाहीत. वांडाला त्या हातांचं नेहमीच कौतुक वाटायचं.

"तू स्वतः खेळायचास ना, हर्ब?"

"खेळायचो कसला. पाच क्लबांनी पाचदा काढला मला. पाचही वेळा सकाळी, दाढीच्या आधी. नवव्या सामन्याला गुडघा गेला आणि दहाव्याला माझ्या जागी दुसरा. कुणी नावसुद्धा विचारलं नाही." तो टेपवरून अंगठा फिरवत राहिला. "इथं माणूस मोडेपर्यंत वापरतात, वांडा. मोडायच्या आधी ज्याला पैसे मिळाले तो जिंकला. बाकी चेंडू कुठं गेला त्याला काही अर्थ नाही."

"टगल असं करेल वाटतं तुला?"

"माणूस रागात काय करेल..." त्यानं मान हलवली. "त्याला नेणार कधी?"

दुसऱ्यांदा विचारलं, हे वांडाच्या लक्षात आलं. ती बाहेर पडली आणि हात धुवायला नळाशी गेली. टेपखालून कुठल्या तरी औषधाचा ओघळ मनगटावर आला होता. टेप सोडवायला कितीतरी वेळ नखांनी खरवडावं लागेल, या तयारीनं तिनं हात लावला. टेप एका ओढीत सुटली, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, एक लांब पट्टी.

शेवटचं टोक नखाएवढं आत दुमडलेलं होतं.

वांडा नळ बंद करायचं विसरली. पाणी वाहत होतं आणि तिच्या डोळ्यांपुढे कोटाच्या चेनशी झगडणारी ती दहा वाकडी बोटं होती.

५

चारला थोडा वेळ उरला असताना तिनं सगळ्यांना जेवणघरात बोलावलं. टगल बेड्यांसकट दोन पोलिसांमध्ये बसला होता. ऑस्टरहाउट घड्याळ बघत होता. हर्ब दाराशी उभा राहिला. मॅलॉय शेवटी आला, सहीसाठी नवा सूट घालून.

"लाइलनं फेकलेल्या किल्ल्यांचं काय झालं, ते सांग यांना," वांडा मॅलॉयला म्हणाली.

"तो मेलाय. त्याला मारणारा इथं बसलाय. किल्ल्यांचं काय घेऊन बसलात?"

"तुझा हात गेलाय, पोरा," टगल शांतपणे बोलला. "डिसेंबरपासून. मला दिसत होतं. मी गप्प बसलो, कारण जागेसाठी चहाडी केली म्हणाले असते."

मॅलॉयचा चेहरा पांढरा पडला. मग टेबल उलटलं, खुर्च्या उडाल्या. एका पोलिसाला त्यानं कोपरानं आडवा केला, दुसऱ्याच्या नाकातून रक्त आलं. बेड्यांतल्या टगलला हातही वर करता येईना. मॅलॉयनं डोकं खाली घातलं आणि बैलासारखा धावला.

"डोकं वर!" हर्ब किंचाळला. "टेट, डोकं वर घे, मान जाईल!" आणि तो मध्ये पडला.

हाडं मोडल्याचा आवाज ओलसर होता. हर्ब टगलच्या छातीवर आपटून खाली कोसळला, तोंडातून रक्त आलं. मॅलॉय त्याच्याशेजारी पडला आणि उठलाच नाही. त्याचा उजवा हात फरशीवर दुसऱ्या कुणाचा असावा तसा पडून होता.

"हलवू नका त्याला," हर्ब रक्त थुंकत म्हणाला. मोडक्या बरगड्यांनी सरपटत तो मॅलॉयच्या डोक्याशी गेला आणि दोन्ही तळहातांत त्यानं ते डोकं घट्ट, सरळ धरलं. "अँब्युलन्स बोलवा. टेट, पायाची बोटं हलव. हलव म्हणतो ना."

बुटाचं टोक हललं. हर्बनं डोळे मिटले.

वांडा त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिचा आवाज चढला नाही. "इतकी वर्षं तू पोरांना धडक कशी मारायची ते सांगत आलास. आज एका धडकेला किंचाळलास. त्याच्या मानेतली नस दबलीय आणि म्हणून हात जातोय, हे तुला ठाऊक होतं. लाइललाही कळलं, किल्ल्या पडल्या तेव्हा."

हर्बनं डोकं तसंच धरून ठेवलं. त्याला हात सोडून उठता येत नव्हतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

"टगलला फोन करणाऱ्यानं वही मागितली," वांडा म्हणाली. "ऑस्टरहाउटला ठाऊक आहे की संपत्या करारवाल्याला कुणी बोलावत नाही. टेटला कधी कुणी काढलेलाच नाही, आणि त्यानं वही डोळ्यांनीही बघितलेली नाही. वही मागणारा माणूस म्हणजे वह्यांच्या काळात काढला गेलेला. तुझ्या कानात ते शब्द अजून तसेच आहेत, हर्ब. टगलला इथवर खेचायला दुसरं काही तुला सुचलंच नाही."

"शब्दांवरून फाशी देणार तू मला?"

"नाही. टेपवरून." तिनं दोन पट्ट्या फरशीवर ठेवल्या, एक तिच्या मनगटावरची, दुसरी कॉर्ड्रेच्या पिशवीतली. "साहेबांनी बांधलं त्याचा बोळा झाला. टेटनं दातानं तोडून टोक लोंबतं सोडलं. तू टोक दुमडतोस. घामानं भिजलेल्या पोरांना नखानं खरवडायला लागू नये म्हणून. लाइलचे हात बांधतानाही तू तेच केलंस. ज्याची टेप कधी सुटायचीच नव्हती, त्यालाही तू सोय करून ठेवलीस."

मग वांडा टगलकडे वळली. "तुला कोटाची चेन लागत नाही. बर्फाच्या पाण्यातली टेप तू एका ओढीत कशी सोडवलीस?"

टगलनं आपल्या बोटांकडे पाहिलं. "टोक सापडलं," तो म्हणाला. "बारा वर्षं सामना संपला की पहिलं तेच शोधतो मी. हाताला लागलं तेव्हाच कळलं कुणी बांधलंय. पण वाटलं, चुकत असेन. डॉक असं कसं करेल?"

आता हर्बच्या तोंडून हुंदका फुटला, पण हात ढळले नाहीत.

"पहाटे आला होता लाइल, टेटच्या मानेच्या स्कॅनचे फोटो मागायला," तो म्हणाला. "मी पाया पडलो त्याच्या. म्हटलं, चारपर्यंत गप्प बस, सही होऊ दे, मग मीच त्याला खेळू देणार नाही. तर म्हणाला, ही जागा टगलची आहे. त्यानं पाठ फिरवली आणि चकती माझ्या हातातच होती. मग तो कण्हायला लागला, उठायला लागला. टगलचं कालचं बोलणं मला आठवलं." त्यानं टगलकडे बघायचं टाळलं. "तुझं खेळून झालंय, रूफस. या पोराला अजून काहीच मिळालं नव्हतं."

खाली मॅलॉय छताकडे बघत रडत होता. "मी तुला मारायला सांगितलं होतं का, डॉक?" तो म्हणाला. "मी फक्त सही मागितली होती."

अँब्युलन्सवाले आले, त्यांनी मॅलॉयच्या मानेला पट्टा लावला, आणि तेव्हाच हर्बनं हात काढले. पाय हलतायत, चालेल हा, असं त्यांच्यातला एक जण म्हणाला. खेळेल असं कुणी म्हणालं नाही.

कॉर्ड्रेनं टगलच्या बेड्या काढून हर्बच्या हातात घातल्या. पडताना म्हाताऱ्याचं मनगट सोलवटून निघालं होतं आणि लोखंड नेमकं तिथंच घासत होतं. तो कण्हला.

ऑस्टरहाउट पेन आणि करार घेऊन पुढे आला होता. फळ्यावरचं चुंबक मनातल्या मनात त्यानं आधीच परत मध्यभागी सरकवलं असावं. "रूफस, चारला थोडाच वेळ आहे. एक वर्ष. आत्ता सही केलीस तर जागा तुझी."

"थांबा," टगल म्हणाला.

वांडानं पट्ट्यांसोबत आणलेलं टेपचं रीळ त्यानं फरशीवरून उचललं. ते त्याच्या बोटांतून दोनदा पडलं, तिसऱ्यांदा त्यानं दातांत धरलं. बेडी वर सरकवून त्यानं हर्बच्या मनगटाभोवती टेप गुंडाळली, वाकडीतिकडी, पण लोखंड लागणार नाही अशी. मग शेवटचं टोक दुमडायला तो बसला. चिमटीत येत नव्हतं. ऑस्टरहाउट घड्याळ बघत होता, कॉर्ड्रे दार धरून उभा होता, हर्ब मान खाली घालून ढसाढसा रडत होता, आणि टगल ते नखाएवढं टोक दुमडल्याशिवाय उठला नाही.

"आता न्या," तो म्हणाला. मग त्यानं पेनासाठी हात पुढे केला. "आणि साहेब, आता आम्हाला बांधणार कोण, ते आधी सांगा."